टर्बोची शिट्टी आणि दादांचे कान

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. कोणी 'हे करू नको' म्हटलं की ते माझ्या हातून होणारच. ट्रकच्या टर्बोचा डबा काढून त्याची शिट्टी मोकळी केली ती अशीच, मिस्त्री नको नको म्हणत असताना.

ट्रक सहाचाकी, माझा स्वतःचा. वणीच्या बाजारातून कांद्याच्या गोण्या भरायच्या, आडगाव नाक्याजवळच्या गोदामात उतरवायच्या आणि संध्याकाळी गाडी इंदिरानगरात आमच्या बिल्डिंगशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर आणून लावायची. हा धंदा आधी माझ्या वडिलांचा. घरात आम्ही त्यांना दादा म्हणतो. त्यांची निम्म्याहून जास्त हयात स्टिअरिंगवर गेली.

दादांशी माझं बोलणं तसं बेताचंच. जेवलास का, जेवलो, संपलं. पण गाडीवर मात्र बोलायचो. संध्याकाळी ते प्लॉटच्या कडेला खुर्ची टाकून बसलेले असायचे. मी गाडी वळवून लावायचो आणि खाली पाय टेकायच्या आत नुसत्या आवाजावरून त्यांचा निकाल लागलेला असायचा. "पट्टा सैल झालाय." किंवा, "आज तिसऱ्या गिअरला लय ओढलीस." मी वैतागायचो. म्हणायचो, काही नाही झालेलं, तुम्ही उगाच काहीतरी काढता. सकाळी उठून बघावं तर पट्टा सैल. मग मी गुपचूप तो आवळायचो आणि दादा वरून गॅलरीतून बघत चहा प्यायचे. मला ते फार आवडायचं. तेव्हा बोललो नाही.

दोनेक वर्षांपूर्वी त्यांचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. डॉक्टरांनी मशीन दिलं, ते त्यांनी चार दिवस लावलं आणि काढून ठेवलं. म्हणाले, "यात नुसत्या ताटवाट्या वाजतात." त्यानंतर मी गाडी लावून अगदी शेजारी जाऊन उभा राहिलो तरी त्यांना पत्ता नसायचा. खांद्याला हात लावला की दचकायचे. "आलास व्हय," म्हणायचे आणि परत रस्त्याकडे बघत बसायचे. गाडीबद्दल चकार शब्द नाही. एका घरात राहून आम्ही पाहुण्यांसारखे बसायला लागलो होतो. मला त्याचा त्रास व्हायचा, आणि त्रास झाला की मी बायकोवर चिडायचो. ती बिचारी ऐकून घ्यायची, कधी कधी ऐकवायचीही.

मग माझ्या डोक्यात आलं, गाडीचाच आवाज वाढवू. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा; तो हवा आत ओढतो तेव्हा त्याची शिट्टी वाजतच असते, पण हवा गाळायचा मोठा डबा असतो तो तिला दाबून टाकतो. हायवेवरच्या हौशी ड्रायव्हर लोकांनी डबा काढून उघडा फिल्टर बसवलेला मी बघितला होता. त्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरवरून कळते. म्हटलं, ही शिट्टी दादांना ऐकू येणार म्हणजे येणार.

नाक्यावरचे मिस्त्री चाचा आमच्या दोन पिढ्यांच्या गाड्या खोलत आलेत. ते म्हणाले, "मत कर बेटा. डब्बा आहे तो बरा आहे. तू कांद्यात फिरतो दिवसभर."

"चाचा, मी रोज साफ करीन. तुम्ही पाना उचला."

"रोज साफ करणारे लय बघितले मी," असं पुटपुटत त्यांनी पाना उचलला. केबिनच्या मागे डाव्या बाजूला उघडा फिल्टर बसला. तिथून एक रबरी पाइप थेट टर्बोला.

खोटं कशाला सांगू, पहिल्या दिवशी मी हवेत होतो. रिकामी गाडी घेऊन वणीला निघालो. दिंडोरीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला, अॅक्सिलरेटर दाबला आणि सूंऽऽ करून जी शिट्टी चढली, अंगावर काटा आला. पाय सोडला की फुस्स करून खाली. परत दाबला, परत वर. द्राक्षबागेतली माणसं मान वळवून बघत होती. पन्नाशीला आलेला माणूस मी, एकटाच केबिनमध्ये हसत होतो.

संध्याकाळी प्लॉटवर वळलो तो मुद्दाम पाय दाबूनच. बिल्डिंगच्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या. बायको हातात झारा घेऊन खाली आली. दादा खुर्चीत बसून नखं कापत होते. मी पुन्हा रेस केली. दादांनी दुसऱ्या हाताची नखं कापायला घेतली.

"अहो, बंद करा ते," बायको म्हणाली. "वरच्या मजल्यावरचं बाळ उठलं."

लोक बघताहेत हे दिसलं तेव्हा कुठे दादांनी मान वर केली. "काय झालं? कोणाला लागलं का?"

मी गाडी बंद केली. जीव असा तुटला की जेवण गेलं नाही. पुढे चाचांना सांगितलं तर ते म्हणाले, "ड्रायव्हर माणसाच्या कानातून शिट्टीसारखा बारीक आवाज आधी जातो. माझ्या पण गेलाय." म्हणजे अख्ख्या इंदिरानगरात ती शिट्टी ज्याच्यासाठी होती, नेमकी त्यालाच ती ऐकू येणार नव्हती. तरी मी डबा परत बसवला नाही. कोणत्या तोंडानं बसवणार?

आठवडाभरात गाडीनं मला धडा शिकवला. वणीहून भरून निघालो आणि गाडी ओढेचना. मागे काळा धूर, शिट्टीचाही दम गेलेला. बैलगाडीच्या चालीनं कसाबसा गोदामात माल उतरवला आणि घरी आलो. प्लॉटवर गाडी चालूच ठेवून मी इकडेतिकडे बघत होतो. डिझेल फिल्टर असेल, पंप असेल, काही सुचत नव्हतं. धूर बघून दादा खुर्चीतून उठून आले.

मी खुणेनं सांगितलं, ओढत नाही. त्यांनी मला बाजूला सारलं. केबिनच्या मागे गेले आणि रबरी पाइपवर तळवा टेकवून उभे राहिले. डोळे मिटले. मला हातानं खूण केली, रेस कर. मी केबिनमध्ये चढून रेस केली.

"पाइप आत ओढला जातोय," ते ओरडले. "श्वास कोंडलाय हिचा. बंद कर."

उतरून बघतो तर फिल्टरवर कांद्याची टरफलं. एकावर एक, चिकटून, सगळीकडून. बाजारात गोण्या भरताना गाडी मी चालूच ठेवायचो, शिट्टीच्या हौसेपोटी, आणि तिथली उडणारी टरफलं गाडी आत ओढून घेत होती. साफ मी एक दिवसही केलं नव्हतं.

दादा टरफलांचा एकेक थर सोलून खाली टाकत होते आणि मला झाडत होते. "कांद्याच्या बाजारात उघडा फिल्टर? धंदा शिकवला तो सगळा पाण्यात गेला का? चाचा काही बोलले नाहीत? बोलले असतील, तू ऐकलं नसशील." पंधरा मिनिटं तोंडाचा पट्टा चालू. दोन वर्षांत सगळं मिळून ते माझ्याशी एवढं बोलले नव्हते. मी मान खाली घालून उभा होतो आणि मला इतकं बरं वाटत होतं की डोळ्यांत पाणी आलं.

ते त्यांनी बघितलं. हात थांबवून विचारलं, "पण हे केलंस कशाला?"

मी हळूच काहीतरी म्हणालो. त्यांनी कान पुढे केला. मग मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, जोर लावून ओरडलो, "तुम्हाला गाडी ऐकू यावी म्हणून."

गॅलरीतल्या लोकांनीही ते ऐकलं. दादांनी हातातली टरफलं झटकली, धोतराला हात पुसले.

"गाडी मला हातानं कळती," ते म्हणाले. "तूच कळत नाहीस. येतोस, खांद्याला हात लावतोस आणि वर निघून जातोस. गाडीला कशाला ओरडायला लावतोस? तू बोल ना मोठ्यानं."

बायकोनं वरून दुसरी खुर्ची आणून दिली. मी दादांच्या शेजारी बसलो आणि सकाळपासूनचा सगळा दिवस त्यांना ओरडून सांगितला.