फुगेवाल्यानं बदललेली स्प्रिंग

भालकीच्या जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीचा घोडा माझ्याच्यानं दाबला जाईना. "काय पाव्हणं, बोटात जोर न्हाई व्हय?" शेजारी उभे असलेले व्याही हसले. फुगेवाल्याला माझी दया आली. त्यानं खिशातल्या बॉलपेनची स्प्रिंग काढली, गालावर दाबून पाहिली आणि घोड्याच्या जुन्या स्प्रिंगच्या जागी बसवली.

"अप्पा, आता दाबू नका. नुस्तं मनात आणा."

मी नेम धरायच्या आत मला शिंक आली आणि फुगा फुटला.

"काय नेम हाय अप्पांचा!" तो ओरडला आणि मला हळूच डोळा मारला. ओळख ना पाळख, पण माझी अब्रू त्यानं सांभाळली. मी मात्र खरं काय ते व्याह्यांना आजवर सांगितलं नाही.

आता व्याह्यांच्या उसात रानडुकरं शिरलीत. निरोप आलाय, "बंदूक तयार हाय, फकस्त तुम्ही या."