पट्टीत न मावलेलं वाक्य

दादाचा कोरोनाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तेव्हा तो हसला. "घाबरतोस काय? औषध निघालंय. तुझ्याच चॅनलनं सांगितलं."

नेरूळच्या त्याच्या घरी गोळ्या आधीच आणून ठेवल्या होत्या. वहिनींनी पाकीट दाखवलं. त्यावरचं नाव वाचून ती बातमी मी ओळखली. पडद्याखालून धावणाऱ्या पट्टीसाठी ती मीच लिहिली होती. मूळ मजकुरात पुढे होतं: अभ्यास छोटा आहे, खात्री व्हायला वेळ लागेल. आमच्या डेस्कचा शिरस्ता असा, की पट्टी सहा शब्दांत बसवायची. आधी शंका कापली जाते. मीही तीच कापली.

हे दादाला तेव्हाच सांगायला हवं होतं. "डॉक्टरांना विचार," एवढंच म्हणालो.

त्याने विचारलं नाही. चार दिवस गोळ्या घेत राहिला. पाचव्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला. "भावजी, बसल्या जागी धाप लागलीय त्यांना." सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, शहाऐंशी होतं. चौऱ्याण्णवच्या वर हवं.

त्याच दिवशी त्याला हॉस्पिटलात दाखल केलं, पण मला वॉर्डात सोडत नव्हते. मी बाहेर खुर्चीवर बसायचो. दुपारी डॉक्टर येत. ही गोळी लागू पडते का, मी विचारलं.

"माहीत नाही. ऑक्सिजन लागतोय, तो देतोय. चार दिवस आधी आणायला हवं होतं."

काहीतरी लपवतायत, असं वाटलं. तीन दिवस तोच प्रश्न शब्द फिरवून विचारला. शेवटी ते वैतागले. "तुम्ही चॅनलमध्ये ना? तुम्हाला रोज नवीन कसं कळतं, तेच मला कळत नाही."

त्या दिवसापासून माझा संशय डॉक्टरांवरून उठला आणि माझ्या टेबलावर येऊन बसला.

बाराव्या दिवशी दादा घरी आला. मी त्याला डॉक्टरांचं उत्तर सांगितलं आणि पट्टीतून कापलेलं वाक्यही.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"हो."

तो म्हणाला, "डॉक्टर बरा. माहीत नाही म्हणाला तरी."

तुमच्या घरी कुणी आजारी असेल आणि डॉक्टर असं म्हणाले, तर उठून दुसरीकडे पळू नका. त्या डॉक्टरांचे आभार मी नीट मानलेच नाहीत.

दादा आता रबाळ्याच्या कारखान्यात पुन्हा जातो. जिन्यात एकदा थांबतो. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमधला टीव्ही बघून मला फोन करतो, पट्टी वाचून दाखवतो आणि विचारतो, "यातलं काय कापलंस?"

मी सांगतो.