मनूची तपासणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, भावालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण मी लिहिलेलं तुम्ही आजवर खरं मानत आलात.

माझे वडील अंबरनाथला कारखान्याच्या गेटवर पत्रकं वाटायचे; मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. त्यामुळे धाकट्या भावाला, निकेतला, आठव्या वर्षी टाइप वन डायबेटिस झाला तेव्हा मी रडले कमी आणि लिहिलं जास्त. अशा मुलांच्या आईबापांचा आमचा गट आहे. त्याची पत्रकं मीच लिहिते.

मागच्या हिवाळ्यात उल्हासनगरला संशोधकांचं महिनाभराचं शिबिर आलं. आजारी मुलांच्या निरोगी भावंडांचं रक्त तपासायचं, पुढे कुणाला हा आजार होण्याची चिन्हं आहेत ते आधीच ओळखायचं, तो लांबवता येतो का पाहायचं. मी पेटले. ज्यांना झालाय त्यांना बरं करायचं सोडून, ज्यांना झालाच नाही त्यांच्या मागे? रोज चार सुया टोचून घेणाऱ्या निकेतला यात काय? पत्रक लिहिलं — ‘आधी आजारी, मग बाकीचे. भावंडांचं रक्त देऊ नका.’ छापणारे सिंधी काका म्हणाले, “बेटा, एकदम कडक लिखा है.” मला बरं वाटलं.

मत चुकीचं होतं का? आजही माझं मत पुष्कळसं तेच आहे. पण —

आमच्या गटातल्या, बेलवलीच्या सुरेखावहिनींची थोरली मुलगी आजारी. धाकटी मनू सहा वर्षांची, ठणठणीत. पत्रक हातात धरून त्यांनी विचारलं, “म्हणजे मनूला नेऊ नको ना गं?”

“नका नेऊ,” मी म्हटलं.

मे महिन्यात मनू आजोळी गेली. सारखी पाणी मागायची. उन्हाने असेल, म्हणून सगळे तिला उसाचा रस पाजत राहिले. इस्पितळात आणली तेव्हा ती हाकेला ओ देत नव्हती. तपासणीने आजार टळला असता? कदाचित नसता. पण चिन्हं कळली असती, तर वहिनींनी तिच्यासोबत साखर तपासायचं मशीन दिलं असतं, तहान तहान करायला लागली की बोट टोचून बघा म्हणून दहादा बजावलं असतं.

मनू वाचली. आता त्या घरात दोघींना सुया.

आणि अजून मी मूळ गोष्टीला हात घातलेलाच नाही — बघताय ना?

शिबिराच्या पहिल्याच दिवशी मी तिथे गेले होते. तोंडाला ओढणी गुंडाळून. निकेतची सख्खी बहीण मी — भीती वाटत होती. रक्त देऊन आले. आठवड्याने कळलं, काही सापडलं नाही. मी आनंदाने रडले. आणि त्याच संध्याकाळी ते पत्रक लिहायला बसले.

इस्पितळाच्या बाकावर वहिनींनीच माझ्या पाठीवरून हात फिरवला. “तुझा काय दोष गं? तू तरी स्वतःची कुठे केलीस तपासणी?”

मी मान हलवली — नाही केली म्हणून.