बाहेरून घातलेली कडी

साठी उलटल्यावर मी सायकल शिकले, तेव्हा गावातले लोक लई हसले. हसा म्हणलं! ह्यांना लकवा मारला, उजवी बाजू गेली, बोलणंही अर्धंमुर्धं उरलं. उठवायला-बसवायला घरात मी एकटी. मुलगा पुण्याला नोकरीत. माझी शुगर वाढलेली, गुडघे बोंबलत होते. डॉक्टर म्हणाले, "मावशी, अंग हलवा, नाहीतर तुम्हीच अंथरूण धराल." मी आडवी झाले तर ह्यांना पाणी कोण पाजणार?

जावेच्या नातीची सायकल पडून होती, ती घेतली. पडले, ढोपरं फोडून घेतली, पण शिकले. रोज सकाळी ओढ्यापर्यंत जायचं आणि मागं फिरायचं. ह्यांना काखेत हात घालून उचलताना धाप लागेनाशी झाली. भीती मात्र गेली नाही. घराबाहेर पाय टाकला की वाटायचं, तेवढ्यात ह्यांना काही झालं तर?

आमच्या घराला कधी कडी लागत नाही. त्र्याण्णवच्या भूकंपात हे बंद दाराआड अडकले होते, शेजारच्या सास्तूर गावच्या लोकांनी उकरून काढलं. तेव्हापासून दार लावलेलं दिसलं की ह्यांची छाती धडधडते. रात्रीसुद्धा आम्ही नुसतं लोटून घेतो. पण त्या दिवसांत एक पिसाळलेलं कुत्रं गल्लीत फिरत होतं. गल्ली सगळी सोयाबीन काढायला शेतात गेलेली. हे डोळे मिटून पडलेले बघून मी बाहेरून कडी घातली. आत्ता येते की, म्हणलं.

ती घटस्थापनेची सकाळ. घट बसल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, हा सासूबाईंपासूनचा नेम, चहासुद्धा नाही. शुगरची गोळी मात्र सवयीनं घेतलेली. नवरात्रात आम्ही पायात चप्पल घालत नाही, तशीच अनवाणी पायडल मारत निघाले.

ओढ्याच्या अलीकडंच हात थरथरायला लागले. दरदरून घाम फुटला. डोळ्यांपुढं अंधारी आली, सायकल कडेला गेली आणि मी बांधावर आडवी पडले. काय होतंय ते कळत होतं. ओरडायचं होतं, जीभ हलेना. आणि मनात एकच, कडी! मी इथंच गेले तर? कडी बघून लोक म्हणतील, दोघं दवाखान्यात गेली असतील. आणि हे आत एकटे, त्या दाराकडं बघत. आई भवानी, मला आत्ता नको गं नेऊस! आधी ती कडी काढू दे!

सोयाबीन काढणारी एक बाई विळा टाकून धावत आली. "अगं बया! काकू, काय झालं वो?"

"कडी," एवढंच कसंबसं तोंडातून निघालं. पुन्हा तेच. तिला वाटलं, बरळतीय. तिनं माझ्या कपाळाला हात लावला. "साखर हाय का तुमाला? गोळी घेऊन खाल्लं न्हाई की माझ्या सासूचं बी असंच व्हतंय."

मी मान डोलावली. तिनं बाटलीतला गोड चहा तोंडाला लावला. घट बसला नव्हता, उपास होता, सगळं आठवत होतं. तरी सगळा चहा प्याले, वर गूळ मागून खाल्ला. देवीला काय रागवायचं ते रागवू दे. बोलता यायला लागल्यावर कडीचं सांगितलं, तशी तिनं नवऱ्याला हाक मारली. त्यानं मला मोटारसायकलवर घरी आणलं.

कडी काढली, तरी दार उघडेना. आत काहीतरी आडवं होतं. त्या भल्या माणसानं हळूहळू दार लोटलं. हे खाटेवरून खाली पडून, एका अंगानं सरपटत दारापर्यंत आले होते. कोपर सोलून निघालेलं.

"भ्यालात ना हो? कशाला मेलीनं मी कडी घातली!" मी रडतच खाली बसले.

ह्यांनी नाही अशी मान हलवली. मी निघाले तेव्हा हे जागेच होते. मला गोळी घेताना बघितलं होतं, आणि चूल पेटली नाही हेही.

"न खाता... गेलीस," हे म्हणाले.

दार ठोकून ठोकून ह्यांच्या डाव्या हाताची बोटं सुजली होती.