टाकी पुढची की मागची?

चहा आधी संपवून टाका बाबा, नायतर हसताना नाकातून येईल. अन् बायको आत आहे तोवर ऐका. ती सांगायला बसली की मला माझ्याच फजितीत एक शब्द बोलायला मिळत नाय.

आता काय सांगू तुम्हाला, माणसानं सुट्टीच्या दिवशी घरची कामं करावीत, जरूर करावीत. पण करताना एवढं खूश होऊ नये!

आमचं घर बजाजनगरात. वाळूजच्या कंपनीत माझी नोकरी. घरं सगळी रांगेतली, एकाला एक चिकटलेली. शेजारच्या कांतामावशींनी मिरचीची फोडणी दिली की शिंका आमच्या घरात. गच्चीबी दोघांत एकच, मधे नुसती विटांची एक ओळ. त्या ओळीवरच बिल्डरनं एक ओटा बांधून दिलाय अन् ओट्यावर दोन काळ्या टाक्या, एकीमागं एक. अगदी जुळ्या बहिणी! एक आमची, एक मावशींची.

त्या दिवशी सकाळी उठलो ते अंगात वारं शिरल्यासारखाच. फाटकी बनियन, हाफ पँट, डोक्याला टॉवेल. गेटचा गंज घासून काढला, वर हिरवा रंग मारला. गच्चीच्या पाइपात लिंबाचा पाला अडकून बसला होता, तो काठीनं ओढून काढला. कढीपत्ता माजला होता, त्याची कटिंग केली. गेट असं चमकत होतं की मी उगाच दोनदा उघडून लावून बघितलं. रंग ओला होता हे हात हिरवा झाल्यावर ध्यानात आलं. पण सांगतो, काय समाधान वाटतं राव! कंपनीत जन्मभर नट आवळले तरी असं वाटत नाय.

तिथंच थांबलो असतो तर? पण थांबतोय कशाला!

"संगीता, आज टाकीबी धुऊन टाकतो!"

बायको भाकरी थापत होती. ती तिथनंच ओरडली, "काय डोकं फिरलं का? नळ कालच येऊन गेलाय. भरलेली टाकी कुणी धुतं व्हय?"

आता आपल्या गावचा नळ तुम्हाला ठाऊक आहे. पाव्हण्यासारखा येतो, अन् गेला की पुन्हा कधी तोंड दाखवील त्याचा भरवसा नाय.

"अगं, तू ड्रम भरून घे. उरलेल्या पाण्यानं मी अंगण, भिंती, गाडी सगळं धुतो. एक थेंब वाया जाणार नाय."

"बघा बाबा. पण पुढची टाकी आपली, एवढं ध्यानात ठेवा."

"एवढी वर्षं राहतोय इथं! मला शिकवती का?"

शिडी लावलेली असते घराच्या मागच्या अंगाला. मी चढलो. वर गेल्या गेल्या जी टाकी समोर आली, ती पुढची. व्हय का नाय? तुम्हीच सांगा! मागून चढणाऱ्या माणसाला पुढची कोणती? बायको म्हणत होती रस्त्याकडची. पण ती वर चढली होती का? मी चढलो होतो!

टाकीच्या बुडाशी नळी लावली, खाली अंगणात सोडली अन् कॉक फिरवला. काय ती धार! आधी भिंत धुतली, मग गाडी, मग अंगण, मग गेटसमोरचा रस्ता. गल्लीतलं कुत्रंसुद्धा पळालं, आपल्यालाबी आंघोळ घालतोय का काय म्हणून.

तेवढ्यात कांतामावशी बाहेर आल्या. मावशी म्हणजे नर्सबाई होत्या, आता रिटायर. अजूनबी बोलतात ते इंजेक्शन दिल्यासारखं.

"काय रे दिलीप, आज रस्त्याचं लगीन का काय?"

"टाकी धुतोय मावशी. सरका, तुमचंबी अंगण धुऊन देतो."

"नको रे बाबा, तुझं पाणी कशाला..."

"तुझं-माझं काय करता मावशी! पाणी काय एकट्याचं असतं का? पाणी सगळ्यांचं!"

ह्या वाक्याचा मला आजबी पस्तावा होतो.

मग काय, धुतल्या पायऱ्या, धुतल्या खिडक्या, गुलाबाच्या कुंड्यांना आंघोळ घातली. मावशी लई खूश. "बरं झालं लेकरा, देवासारखा आलास. आज आमच्या प्रज्ञाला बघायला पिशोरची माणसं येणार आहेत. तुझ्यासारखा शेजारी मिळायला नशीब लागतं!"

माझी छाती अशी फुगली की उरलेली बनियनबी फाटली.

पुन्हा वर गेलो. टाकीत उतरलो, खराट्यानं घासली, फडक्यानं पुसली. गाळ काही म्हणावा तसा निघाला नाय. मला वाटलं, आमच्या घराण्याचं वळणच स्वच्छ!

खालून बायकोचा आवाज. "अहो, टाकी रिकामी झाली का?"

टाकीतनंच मी ओरडलो, "कोरडी ठाक!"

"मग नळाला पाणी कसं येतंय?"

"पाइपात उरलेलं असतं!"

थोड्या वेळानं पुन्हा. "अहो, अजून येतंय!"

"पाइप लांब आहे!"

"गच्चीवरनं मोरीत यायला पाइप काय वैजापूरला वळसा घालून येतो का?"

बायकांना शास्त्र समजत नाय, असं म्हणून मी पुसत राहिलो. लक्षात ठेवा, हे मी टाकीत बसून म्हणत होतो. मावशींच्या.

खाली उतरून शिडी ठेवतोय तोच शेजारनं किंकाळी. "आई गं! पाणी गेलं! तोंडाला साबण आहे!"

प्रज्ञा! मागोमाग मावशी धावत अंगणात. "दिलीप! अरे बघ रे जरा! एकाबी नळाला थेंब नाय. पाव्हणे निघालेत तिकडून! भांडी तशीच पडलीत, पोरगी बाथरूममध्ये अडकली!"

आता शेजारधर्म म्हणजे शेजारधर्म. मी मावशींच्या घरात गेलो, एकेक नळ फिरवून बघितला. मान हलवली. डॉक्टर हलवतात तशी.

"मावशी, गळती दिसती. नायतर कुणीतरी पाणी सोडून दिलं."

"कोण सोडील रे?"

"अहो, काय एकेक माणसं असतात! लोकांना पाण्याची कदरच राहिली नाय. असला माणूस सापडला ना, त्याला गल्लीत उभा करून विचारलं पाहिजे!" मी लई तापलो होतो. "माझीच टाकी आज रिकामी केलीय, नायतर लागेल तेवढं दिलं असतं."

इतक्यात दारात संगीता. हातात भरलेली बादली, पाणी वरनं सांडतंय.

"मावशी, ही प्रज्ञाला द्या आधी. आमच्याकडं अजून धो धो येतंय."

मावशींनी बादलीकडं बघितलं. मग धुतलेल्या पायऱ्यांकडं. मग कुंड्यांकडं. मग रस्त्यावरनं वाहत कोपऱ्यापर्यंत गेलेल्या ओघळाकडं. अन् मग, सावकाश, माझ्याकडं.

"दिलीप, कोणती टाकी धुतलीस रे?"

"पुढची," मी म्हणालो.

"कुणाच्या पुढची?"

मी शिडीकडं पळालो.

पुढचं काय सांगू! आमच्या टाकीत बादली बुडवायची अन् मावशींच्या टाकीत ओतायची. डोक्यावर ऊन, पाठीत कळ, हात हिरवे, तोंडाला काळं. खाली संगीता मावशींची भांडी घासून देत होती अन् प्रत्येक भांडं मला ऐकू यावं असं आपटत होती. मला पाण्याची काळजी नव्हती हो. माझ्यापायी त्या पोरीचं जमता जमता मोडलं तर ह्या गल्लीत तोंड कुठं दाखवू?

पाव्हणे आले तेव्हा मी वरच होतो. ओट्याआड बसून घेतलं. खालून "जय भीम, जय भीम" ऐकू आलं, कपबशा वाजल्या, बऱ्याच वेळानं हसणं ऐकू आलं. जिवात जीव आला. मग संगीतानं खालून सांगितलं, "उतरा आता. पसंत पडली पोरगी. पेढा खा."

उतरलो. अवतार विचारू नका! गेटपाशी नवऱ्या मुलाचे मामा उभे. धोतर झाडत, लखलखीत अंगण बघत. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं अन् मावशींना म्हणाले, "बाई, हा गडी लई कष्टाळू दिसतोय. केव्हाचा गच्चीवर राबतोय. आम्हालाबी पिशोरला टाकी धुऊन घ्यायचीय. पाठवता का ह्याला?"

मी मावशींकडं बघितलं. म्हटलं, आता तरी सांगतील, हा शेजारी आहे, कंपनीत कामाला आहे.

मावशींनी पेढ्याचा खोका माझ्यापुढं धरला अन् गोड आवाजात म्हणाल्या, "न्या की खुशाल! फक्त तुमच्या शेजाऱ्यांना सांगून ठेवा, आदल्या दिवशी ड्रम भरून घ्या म्हणावं."