दरवर्षी मोठा पडतो

माझ्या आईच्या लेखी निपाणीच्या पुढे परदेश सुरू होतो. मी कोल्हापूरहून बेंगळुरूला एम.एस्सी. करायला निघाले तेव्हा तिनं मेतकूट दिलं, लसणाची चटणी दिली आणि ‘परमुलखात कुणाच्या भांडणात पडू नकोस’ असा सल्ला दिला. मेतकूट आणि चटणी महिन्याभरात संपली. सल्ला मात्र मला कधी पचलाच नाही. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. कॉलेजात असताना एसटीत अंगचटीला येणाऱ्या एकाला मी जेवणाच्या डब्यानं झोडपलं होतं, आणि आईला त्यातल्या त्यात वाईट वाटलं ते डबा चेपल्याचं.

राजाजीनगरात एका मराठी घरात मला वरची खोली मिळाली. हे लोक तीन पिढ्या बेंगळुरूचे. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड, आणि भाकरीबरोबर सांबार. घरमालकीण साठीच्या, विधवा. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, म्हणून मीही. त्यांना दोन मुलगे. मोठा पीण्या ह्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर कामाला होता. चाळिशी ओलांडलेला, लग्न न झालेला. त्याला सगळे अण्णा म्हणायचे. धाकट्याचं गल्लीच्या तोंडाशी कापडाचं दुकान, आणि बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेलेली.

ह्या घरात एक नियम होता, तो मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आला. घरात हात उचलायचा नाही. अक्कांचा नवरा पट्ट्यानं मारायचा. तो गेला त्याच आठवड्यात त्यांनी दोन्ही मुलांना देवासमोर उभं करून हा नियम घातला. रागावर मात्र बंदी नव्हती. राग यायचा, तो बाहेर न्यायचा.

बाहेर म्हणजे नाटकात. दोघे भाऊ कारखान्यातल्या लोकांनी चालवलेल्या एका हौशी मंडळीत होते. ही मंडळी वर्षातून एकदा कन्नड पौराणिक नाटक करायची. त्यात भूमिका मिळत नाही, विकत घ्यावी लागते. जेवढी मोठी भूमिका, तेवढी मोठी वर्गणी. अण्णा दरवर्षी गर्विष्ठ राजाची भूमिका घ्यायचा, धाकटा त्याच्या शत्रूची. शेवटी दोघांचं गदायुद्ध व्हायचं आणि राजा पडायचा.

“दरवर्षी मोठा पडतो,” अक्का मला कौतुकानं सांगायच्या. “वर्षाचं सगळं तिथंच निघून जातं बघ. घरी येतात ते हसत येतात.”

मला ती युक्ती फारच आवडली होती. आमच्या घरी अशी सोय असती तर माझे किती डबे वाचले असते.

त्या रविवारी दुपारी नाटक होतं. नाट्यगृह शहरात, म्हणून सकाळीच निघून मला बेंगळुरू दाखवायचं असं अक्कांनी ठरवलं. खरं तर त्यांनीही ते धड पाहिलेलं नव्हतं. जन्म ह्या गावात गेला, पण बाजार आणि देऊळ ह्यापलीकडे त्यांना कुणी नेलंच नव्हतं.

सकाळी इडली खाताना धाकट्यानं सांगून टाकलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, एचएसआर लेआउटला त्यानं घर बघितलं होतं. बायकोचं ऑफिस तिथंच. पुढच्या महिन्यात तो जाणार होता, आणि आईलाही नेणार होता.

“आईला कशाला?” अण्णानं विचारलं.

“माझं मूल ह्या घरात वाढणार नाही, अण्णा. आणि आईनंही आता इथं राहू नये. पुरे झालं तिला.”

अण्णा उठला. त्यानं हात उचलला नाही. इडल्यांचं अख्खं पातेलं उचललं आणि दारातून अंगणात भिरकावलं. ते फाटकावर आपटलं, समोरच्या घरातलं कुत्रं केकाटत पळालं. माझी बशी हातातच राहिली. अक्कांनी फक्त मान वळवून बघितलं.

“बाहेर टाकलंस ना? सरी, ठीक आहे मग,” त्या म्हणाल्या आणि मला चटणी वाढली.

अण्णानं कोपऱ्यातल्या दोन्ही गदा खांद्यावर घेतल्या. इतकी वर्षं मंडळी भाड्यानं आणलेल्या गदा वापरायची, बांबू आणि कागदाच्या. ह्या वर्षी अण्णानं कारखान्यात स्वतः नव्या घडवल्या होत्या. पत्र्याचा गोळा आणि दांड्याला लोखंडी नळी. आदल्या दिवशी मी एक उचलून बघितली होती आणि जड आहे म्हणाले होते. “आवाज यायला पाहिजे ना,” तो हसून म्हणाला होता. आता तो हसत नव्हता. फाटकाशी थांबून त्यानं धाकट्याकडे बघितलं. “दुपारी भेटू,” म्हणाला आणि गेला.

मी अक्कांना म्हटलं, आजचं नाटक राहू द्या. त्या म्हणाल्या, “आजच तर पाहिजे. वेळेवर आलंय.”

मग आम्ही गाव बघायला निघालो. मार्केटजवळ रिक्षा अडकली. समोर एका स्कूटरवाल्याला दोघांनी कॉलरला धरून खाली ओढलं होतं आणि त्याच्या हेल्मेटनंच त्याला मारत होते. हेल्मेट टणटण वाजत होतं. फुलवाल्या बायका शेवंतीचे ढीग सावरून मागे सरकल्या, पण मधे कुणी गेलं नाही. मी उतरायला पाय बाहेर टाकला तशी अक्कांनी माझी ओढणी धरली. “बाहेरचं आहे ते. बघू नको.” रिक्षावाला त्या माणसाच्या सांडलेल्या भाजीवरून चाक घालून पुढे गेला. टोमॅटो फुटले.

लालबागेत गेल्यावर अक्का लहान मुलीसारख्या झाल्या. काचघराभोवती त्यांनी दोन चकरा मारल्या. तळ्याकाठी एक माणूस काठीनं कुत्र्याला बडवत होता. कुत्र्यानं त्याच्या पिशवीला तोंड लावलं होतं म्हणे. इथं माझी ओढणी धरायला अक्का जवळ नव्हत्या. मी काठी हिसकावली आणि गुडघ्यावर मोडायला गेले. ती मोडली नाही, माझाच गुडघा सोलला. त्या माणसानं मला कन्नडमध्ये बऱ्याच शिव्या दिल्या, मी त्याला कोल्हापुरीत दिल्या, आणि दोघांनाही एकमेकांचं सगळं कळलं. काठी मी तळ्यात फेकली.

नंतर आम्ही मोठ्या खडकावर चढून बसलो. खाली सगळं शहर दिसत होतं. अक्कांनी पदराच्या टोकानं माझा गुडघा पुसला. “तुला लई राग येतो ग,” त्या म्हणाल्या. “सोडवायला धावणाऱ्यालाच जास्त लागतं. मला ठाऊक आहे.” मी विचारलं, धाकट्याबरोबर जाणार का? त्या म्हणाल्या, “दुपारी त्यांचं होऊ दे. मग दोघं शांत होतील. मग बघू.”

नाटक दुपारी सुरू झालं. नाट्यगृह गच्च भरलेलं. कारखान्यातले लोक बायकापोरांसकट आले होते, डबे उघडून खात होते, आवडत्या नटाला शिट्ट्या मारत होते. आम्ही दुसऱ्या रांगेत. हार्मोनियमवाला स्टेजच्या कडेला बसून प्रत्येक वाक्याला सूर धरत होता. मला कन्नड येतं ते रिक्षापुरतं आणि भाजीपुरतं, पण अक्का कानात सांगत होत्या. अण्णा गुलाबी रंग, जाड भुवया आणि भरजरी अंगरखा घालून आला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. तो सुंदर दिसत होता. खरंच राजा दिसत होता.

गदायुद्ध सुरू झालं. “आता तीन डोक्यावरून,” अक्का पुटपुटल्या, “दोन बाजूनं, मग धाकटा मारतो आणि मोठा पडतो.” त्या पाठ असलेली आरती म्हणावी तशा सांगत होत्या. डोक्यावरून तीन झाले. पत्र्याचा आवाज छपराला जाऊन धडकत होता, लोक खूश होते. बाजूनं दोन झाले. धाकट्यानं गदा फिरवली आणि अण्णाच्या अंगरख्याला टेकवली.

अण्णा पडला नाही.

धाकट्यानं पुन्हा गदा टेकवली. अण्णा तसाच उभा. मग त्यानं आपली गदा दोन्ही हातांनी उचलली आणि धाकट्याच्या खांद्यावर घातली. आवाज आधीच्यापेक्षा वेगळा आला, बोदा, मांसाचा. लोकांनी शिट्ट्या मारल्या. राजा ह्या वर्षी जोरात होता. धाकटा कोलमडला, त्याचा मुकुट घरंगळत हार्मोनियमपाशी गेला. हार्मोनियमवाल्यानं भाता आणखी जोरात चालवला. दुसरा घाव कोपराखाली बसला. धाकट्याचा हात नको तिथं वाकला, आणि तो ओरडला. कन्नडमध्ये नाही.

“अण्णा, हात मोडला माझा. पड की आता. पड की रे.”

मागच्या रांगेतला कुणीतरी हसला. त्या गर्दीत मराठी कळणाऱ्या आम्ही दोघीच असू. मी ताडकन उठले. अक्कांनी माझं मनगट धरलं. साठीच्या बाईच्या बोटांत एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

“बस. पडेल तो. दरवर्षी पडतो.”

“अक्का, तो मारून टाकेल त्याला.”

“बस म्हटलं ना. नाटक आहे.”

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. समोर बघत होत्या आणि माझं मनगट आणखी आवळत होत्या. त्यांना सगळं कळत होतं. माझ्याआधी कळलं होतं. त्या क्षणी मला त्यांचा इतका संताप आला की मी त्यांची बोटं एकेक करून उलटी वाकवली. माझी नखं त्यांना लागली. मी सुटले आणि बाजूच्या पायऱ्यांनी स्टेजवर गेले.

धाकटा आता गुडघ्यांवर होता, मोडका हात पोटाशी धरून. अण्णानं गदा डोक्यावर नेली होती. मी मागून त्याच्या दंडाला लोंबकळले. त्यानं न बघता कोपर मागे मारलं. माझा ओठ फुटला, तोंडात रक्ताची चव आली. मग मी त्याच्या मनगटाला चावले, दात एकमेकांना भेटतील इतक्या जोरात. गदा पडली आणि लाकडी फळीत खड्डा पडला. हार्मोनियम थांबली. पडदा आला. पडद्यापलीकडे लोक टाळ्या वाजवत होते, आणि त्या बऱ्याच वेळ वाजत राहिल्या.

आत अण्णा लाकडी सिंहासनावर बसला आणि धापा टाकत मनगट बघत राहिला. “घर सोडून हाच जाणार, आईला हाच नेणार,” तो माझ्याकडे बघून म्हणाला, “आणि मी सगळ्यांसमोर ह्याच्यापुढे पडायचं? मला आहे कोण तिच्याशिवाय?” मग त्यानं रंग पुसायला खोबरेल तेल मागितलं. कुणीतरी आणून दिलं. मी त्याच्या थोबाडीत दिली. एक नाही, दोन. वड्याचं तेल वांग्यावर काढलंस, भावाचा हात मोडलास, आणि आता तेल मागतोस. असं काहीतरी मी बोलले. त्यानं चेहरा मागे घेतला नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? धाकटा म्हणाला, नाटकात. अक्का म्हणाल्या, नाटकात. माझा ओठ शिवतानाही तोच प्रश्न आला. मी खरं सांगितलं. डॉक्टरांनी अक्कांकडे बघितलं, अक्कांनी नकारार्थी मान हलवली, आणि डॉक्टर पुढच्या माणसाकडे वळले. धाकट्याच्या हाताची दोन्ही हाडं मोडली होती, खांद्याचं एक.

बाहेर आलो तेव्हा ऊन कलत होतं. फाटकापाशी अण्णा उभा होता. अर्ध्या गालावर गुलाबी रंग तसाच, मनगटाला फडकं. तो पुढे आला नाही. धाकट्यानं चांगल्या हातानं आईचा खांदा धरला.

“आई, चल. इथूनच जाऊ. माझ्या सासरी राहू थोडे दिवस. त्या घरात परत जायचंच नाही.”

अक्कांनी त्याच्या प्लास्टरवरून हात फिरवला. “तू जा. बायकोला सांग, पडलो म्हणून. मी ह्याच्याबरोबर जाते. मी नसले तर ह्याला कोण आवरणार?”

मला राहवलं नाही. टाके घातलेल्या तोंडानं मी म्हटलं, “आज आवरलंत का तुम्ही? तुम्ही तर माझा हात धरलात.”

अक्का माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, रागावतील. त्या रागावल्या नाहीत.

“तेवढंच येतं मला,” त्या म्हणाल्या. “ह्यांचा बाप पट्टा काढायचा तेव्हा मोठा मला सोडवायला धावायचा. एवढासा होता. बापाचा हात धरायची माझी हिंमत नव्हती. मग मी ह्याचाच धरायची. दोन्ही हात धरून बसवायची ह्याला आणि म्हणायची, बघ नुसता.”

फाटकापाशी अण्णानं तोंड फिरवलं. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. धाकटाही तसाच उभा राहिला. हे त्याला माहीत नसावं, त्या वेळी तो पाळण्यात असेल.

अक्कांनी हात करून रिक्षा थांबवली आणि आत सरकून शेजारी जागा केली. अण्णा येऊन बसला, तसा त्यांनी त्याचा चावलेला हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. “स्वल्प सरक रे,” त्या त्याला म्हणाल्या आणि मलाही बोलावलं, घरी भात लावायचाय म्हणाल्या.

मी त्या रिक्षात बसले नाही.