गाण्याखालचा आवाज

कॅसेट मशिनमध्ये सरकवली आणि टीव्हीवर नुसत्या मुंग्या. समोर सुजाता मॅडम बसल्या होत्या, शिरूर अनंतपाळच्या शाळेत शिकवणाऱ्या. शेजारी त्यांची माय. मायची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेलेली, तरी मान टीव्हीकडेच.

“काही दिसून राहिलं का?” मायने विचारलं.

“अजून न्हाई, माय. बुरशी लागली कॅसेटला,” मी म्हणालो.

उदगीरला माझा स्टुडिओ आहे. पूर्वी लग्नाच्या शूटिंगचा, आता जास्त करून जुन्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर उतरवून देण्याचा. सीडी आली आणि कॅसेट माळ्यावर गेली. डीव्हीडीने सीडीला हाकललं, मोबाइलने सगळ्यांनाच घरी बसवलं. व्हीसीआर आता कुणी बनवत नाही. माझ्याकडे एक चालू आहे आणि त्याला जगवायला दोन मेलेले ठेवलेत. बेल्ट, रोलर, जे लागेल ते त्यांच्यातून काढायचं.

मॅडमचं लग्न मीच शूट केलं होतं, तीसेक वर्षांपूर्वी. पण त्यांना चित्राचं अप्रूप नव्हतं.

“अण्णांना जाऊन वीस वर्षं झाली,” त्या वडिलांबद्दल म्हणाल्या. “फोटो पुष्कळ आहेत. आवाज कुठंच नाही. मायला एकदा ऐकवायचाय. तिला आता फोटोचा काय उपयोग?”

मी खाली बघितलं. लग्नाच्या कॅसेटवर मूळ आवाज ठेवायचा नाही, हा आमचा त्या काळचा रिवाज. लोकच म्हणायचे, गलबला कशाला, गाणी टाका. मग मशिनवर ‘ऑडिओ डब’चं बटण दाबायचं. चित्र तसंच राहतं, आवाज बदलतो. विहारातल्या वंदनेवरसुद्धा मी सिनेमातलं गाणं टाकलं होतं, आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

“त्यात आवाज न्हाई मॅडम. मीच पुसला,” मी सांगून टाकलं.

माय म्हणाली, “बघा की भाऊ. असंल थोडा कुठं तरी.”

दोन दिवस कॅसेट उघडून साफ केली. मऊ कापडावर स्पिरिटसारखं औषध घ्यायचं आणि टेप हाताने फिरवत हळूहळू पुसायची. घाई केली की टेप सुरकुतते, आणि सुरकुतलेली टेप म्हणजे गेलेला माणूस. तिसऱ्या दिवशी दुपारी दार लावून घेतलं आणि कॅसेट चालू केली.

मुंग्या हटल्या. रंग पाण्यात सोडल्यासारखे वाहत होते. मांडव हिरव्याचा निळा झालेला. पांढऱ्या साडीतली नवरी एकदा दोन दिसायची, मग पुन्हा एक. माणसं चालत नव्हती, तरंगत होती. यातली किती जण आता नाहीत, हे मनात आलं आणि मी खुर्चीत जरा मागे टेकलो. गाणं चालूच होतं. दुपार, पंखा, ते गाणं, सगळं एकमेकांत मिसळलं. मला झोप लागली की नाही ते सांगता येत नाही.

मधेच गाणं तुटलं. खरखर झाली आणि कुणीतरी बोललं. लगेच पुन्हा गाणं. मग पुन्हा खरखर, भांड्यांचा आवाज, एका बाईचं हसणं, पुन्हा गाणं. मी ताडकन उठून बसलो.

हे मला आधीच सुचायला हवं होतं. व्हिडिओ टेपवर आवाज दोन ठिकाणी असू शकतो. एक टेपच्या काठाने जाणारी अरुंद पट्टी. डब केलं की फक्त ती बदलते. माझा कॅमेरा हाय-फाय होता. असे कॅमेरे दुसरा आवाज चित्राच्याच पोटात लिहितात, आणि तो डब करून जात नाही. मात्र टेप खराब असली की मशिनला तो सापडत नाही, आणि ते आपलं आपण काठावरचं गाणं वाजवायला लागतं. मी टेपवरची रेघ नीट पकडणारं ट्रॅकिंगचं बटण केसाकेसाने फिरवलं. गाणं गेलं. अख्खा मांडव बोलायला लागला.

अण्णा लाउडस्पीकरवर पाहुण्यांचं स्वागत करत होते, पण कर्णा इतका फाटका की आवाज कुणाचाही असू शकला असता. मग पंगत आली. कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, शांत, स्वच्छ आवाजात अण्णा म्हणाले, “भाऊ, सकाळधरून शूटिंग करून राहिले तुमी. कॅमेरा ठेवा अन् दोन घास खाऊन घ्या.”

एक तरुण आवाज म्हणाला, “न्हाई काका, आज माझा उपवास हाय.”

“असं का? मग केळी आणवतो. उपाशी नका राहू.”

तो तरुण आवाज माझा होता.

त्या दिवशी माझा उपवास नव्हता. आमच्या गावात, आमच्या शेतकरी घरांतून, बौद्धांच्या घरचं पाणीही प्यायचं नाही असं शिकवलेलं. काम घ्यायचं, ताट घ्यायचं नाही. उपवास हे आम्हा शूटिंगवाल्यांचं ठरलेलं उत्तर. थोड्या वेळाने चित्रात कोपऱ्यातून एक हात आला आणि खुर्चीवर केळी ठेवून गेला. ती मी खाल्ली. फळ चालतं, असा आमचाच नियम.

मला लाज वाटली. कॉम्प्युटरवर तेवढा भाग कापणं म्हणजे हातचा मळ. कुणाला कळलं नसतं. पण अण्णांचा धड आवाज अख्ख्या कॅसेटमध्ये तेवढाच होता. कापला तर माझी लाज झाकली गेली असती, पण मायचा माणूसही गेला असता. तो भाग तसाच ठेवला. मग मॅडमना फोन लावला.

दोघी दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. मी आवाज वाढवला आणि बाजूला उभा राहिलो. “भाऊ, सकाळधरून…” सुरू झालं आणि मायने मॅडमचं मनगट धरलं.

“पुन्हा लावा,” ती म्हणाली. मी चार वेळा लावलं. चौथ्या वेळेला ती रडत होती आणि हसतही होती.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. “उपवास म्हणणारे तुम्हीच ना?”

“हाव. उपवास नव्हता.”

“ते ह्यांना तवाच कळलं होतं,” माय म्हणाली. “घरी येऊन म्हणले, पोरगं दिवसभर उपाशी होतं, केळी तरी खाल्ली त्यानं.”

मी विचारलं, “माझं बोलणं तेवढं काढून देऊ का?”

मायने थोडा विचार केला. “राहू द्या. तुमी न्हाई म्हणले म्हणून तर ते पुढं बोलले.”

फाइल आहे तशी पेन ड्राइव्हवर दिली. आता कुणाचीही कॅसेट आली की आधी चित्राच्या पोटातला आवाज शोधतो. आणि गिऱ्हाइकाने जेवायला बसवलं, तर बसतो.